घरच्या शेगडीला प्रोपेन नेमका किती लागतो, हे काढायचं कसं?

अबोली_७

आई-बाबा अलीकडेच नव्या घरात राहायला गेलेत. तिथे पाइपचा गॅस नाही, सगळा स्वयंपाक प्रोपेनच्या सिलिंडरवर. शेगडी मोठी आहे, वर चार बर्नर आणि खाली ओव्हन. सिलिंडर घराबाहेर भिंतीलगत, ९ किलोचा. बाबांना पाठीमुळे तो हलवताही येत नाही, बदलायचा तर कुणाला तरी बोलवावं लागतं. गेल्या महिन्यात रात्रीचा स्वयंपाक अर्ध्यावर असताना गॅस संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस येईपर्यंत दोघांनी गार अन्नावर भागवलं आणि मला फोनवर एका शब्दाने सांगितलं नाही. चार दिवसांनी बोलता बोलता आईच्या तोंडून निघालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे: सिलिंडर किती दिवस पुरणार हे आधी कळायलाच हवं.

म्हणून शेगडीच्या मागच्या पाटीवरचे आकडे आईकडून मागवले. बर्नर ५,०००, ९,५००, ९,५०० आणि १५,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), ओव्हन १६,०००. बेरीज ५५,०००. एक किलो प्रोपेनमध्ये सुमारे ४७,७०० बीटीयू असतात असं वाचलं. म्हणजे तासाला जवळजवळ १.१५ किलो. ९ किलो आठ तासांतच संपायला हवा! दिवसाला तीन तास शेगडी चालते असं धरलं तर तीन दिवससुद्धा नाहीत. प्रत्यक्षात आधीचा सिलिंडर काही आठवडे चालला होता. माझं कुठे चुकतंय?

काटेकोर

अबोली, भागाकार बरोबर आहे. चुकलंय ते काय भागलं ते. ५५,००० हा आकडा सगळे बर्नर आणि ओव्हन एकाच वेळी, पूर्ण उघडे असतानाचा. घरात असा तास कधीच येत नाही. ही बेरीज उपयोगी पडते ती पाइप किती जाड हवा आणि रेग्युलेटर केवढ्या क्षमतेचा हवा हे ठरवणाऱ्या माणसाला. सिलिंडर किती दिवस जाईल यासाठी ती धरू नका.

आणि पाटीवर नुसतं 'बीटीयू' छापलेलं असलं तरी तो आकडा ताशी असतो, हे आधी पक्कं करून घ्या. तो वेग आहे, साठा नाही. गाडीच्या काट्यावर १२० दिसलं म्हणून गाडी १२० किलोमीटर गेली असं होत नाही, किती वेळ त्या वेगाने गेली ते विचारावं लागतं. तसंच इथे.

एक सोपी चावी देतो, मी स्वतः तीच वापरतो. १,००० बीटीयूचा जाळ तासभर चालला तर २१ ग्रॅम प्रोपेन जातो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं तोंडी होतं. ५,००० च्या बर्नरला तासाला १०५ ग्रॅम, ९,५०० ला जेमतेम २००, १५,००० ला ३१५. ज्यांच्या पाटीवर किलोवॅट आहेत त्यांनी दर किलोवॅटला तासाला ७१ ग्रॅम धरा. १ किलोवॅट म्हणजे ताशी ३,४१२ बीटीयू, दोन्ही हिशेब एकाच जागी येतात.

आता आईंना एवढंच विचारा: कोणता बर्नर, कोणत्या आचेवर, किती वेळ? उत्तर त्यातच आहे.

तिसरा_मजला

किलोऐवजी लिटरमध्ये टाकी भरणाऱ्यांसाठी: द्रवरूप प्रोपेनचा एक लिटर साधारण अर्धा किलो भरतो, १५ अंशाला ०.५१ किलो. अमेरिकन गॅलनमध्ये मोजत असाल तर गॅलनला ९१,५०० बीटीयू.

रानवारा

त्या पाटीबद्दल मला शंका आहे. ५,०००, ९,५००, १५,००० हे आकडे नैसर्गिक वायूचे तर नाहीत ना? पुष्कळ शेगड्या कारखान्यातून पाइपच्या गॅससाठी तयार होऊन निघतात आणि घरी बसवताना प्रोपेनसाठी बदलून दिल्या जातात. बदलतात म्हणजे बर्नरखालचे जेट, गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलतात. प्रोपेनच्या जेटचं भोक लहान असतं, कारण तेवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते, शिवाय तो शेगडीला जास्त दाबाने मिळतो. जेट बदलल्यावर बऱ्याच शेगड्यांत बर्नरची ताकद थोडी उतरते. पाटी मात्र जुनीच राहते. पुस्तिकेत दोन्ही वायूंचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, ते पाहा.

अबोली_७

रानवारा, अगदी तसंच निघालं. आईने पुस्तिकेतल्या पानाचा फोटो पाठवला. प्रोपेनच्या रकान्यात ४,५००, ८,०००, ८,०००, १२,००० आणि ओव्हन १४,०००. काटेकोर यांच्या चावीने तासाला अनुक्रमे ९४, १६८, १६८, २५२ आणि २९४ ग्रॅम. हे कुणी सांगितलं नसतं तर माझं सगळं गणित पहिल्या पायरीपासूनच फुगलेलं राहिलं असतं.

आईला वेळ विचारली तर म्हणाली, "सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर." कोणती आच? "बघून करते गं." आता हे आकड्यात कसं आणू?

निरांजन

काही शेगड्यांच्या पाटीवर सरळ ग्रॅम छापलेले असतात. 'जी ३१' म्हणजे प्रोपेन, 'जी ३०' म्हणजे ब्युटेन. माझ्या शेगडीच्या ३ किलोवॅटच्या बर्नरपुढे जी ३१ ला ताशी २१४ ग्रॅम लिहिलंय. काटेकोर यांच्या ७१ ला ३ ने गुणून बघा, २१३ येतात.

मंद_आच

अबोली, "बघून करते" हेच खरं उत्तर आहे आणि त्याचंच माप काढता येतं. मी काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझाही मोठा बर्नर १२,००० चाच आहे. माझ्याकडे पार्सलं तोलायचा काटा होता, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सिलिंडर त्यावर ठेवला, नळी कुठे ताणली जात नाही ना ते पाहिलं आणि बटण वेगवेगळ्या जागी ठेवून वजन किती उतरतं ते टिपत गेले. बर्नर पूर्ण उघडा ठेवून वीस मिनिटांत ८५ ग्रॅम. तासाचे २५५, म्हणजे पुस्तिका खरं बोलते. मग बटण बरोबर मधल्या खुणेवर. मला वाटलं निम्मा गॅस जाईल. अर्ध्या तासात ५५ ग्रॅम गेला, तासाचे ११०. निम्म्याहूनही कमी. आणि अगदी बारीक ज्योत, जिला वाऱ्याची झुळूक लागली तर विझेल अशी, ती दोन तास चालवली तेव्हा कुठे ६० ग्रॅम उतरला. तासाला ३०!

म्हणजे एकाच बर्नरवर मोठी आच आणि बारीक आच यांत आठपटींचा फरक. बटणावरच्या खुणा समान अंतरावर असतात, गॅस समान पायऱ्यांनी बदलत नाही, आणि दुसऱ्या शेगडीत हे प्रमाण वेगळं निघेल. त्यामुळे "शेगडी दोन तास चालते" या वाक्यातून गॅसचा काहीही अंदाज येत नाही. दोन तासांतली मोठी आच किती मिनिटं, तेवढं विचारायचं.

आईंकडे एखाद्या दिवशी समोर बसून, किंवा व्हिडिओ कॉल चालू ठेवून, फक्त तीन रकाने भरा: मोठी, मध्यम, बारीक, आणि प्रत्येकीची मिनिटं. दोन दिवस पुरेत.

ओली_माती

ओव्हनचं गणित वेगळं आहे, कारण ओव्हनचा बर्नर सतत पेटलेला नसतो. तापमान गाठलं की तो बंद होतो, उतरलं की पुन्हा पेटतो. आमच्या ओव्हनमध्ये पेटताना भस्सकन आवाज येतो. मी १८० अंशांवर लावून, समोर स्टूल घेऊन बसलो आणि फोनवर वेळ टिपली. आधी १४ मिनिटं अखंड जळला. त्यानंतर साधारण ३ मिनिटं चालू, ५ मिनिटं बंद असं चक्र. दार उघडून आत पाहिलं की पुढचा जाळ लांबायचा.

तुमच्या १४,००० वर बसवून पाहा. एका तासात पहिली १४ मिनिटं, आणि उरलेल्या ४६ मधली सतरा-एक, म्हणजे प्रत्यक्षात ३१ मिनिटंच जाळ. २९४ च्या जागी १५० ग्रॅम.

ओव्हन एकदा तापवला की लागोपाठ दोन-तीन कामं उरकून घ्यावीत, कारण सगळ्यात महाग तीच पहिली चौदा मिनिटं.

काटेकोर

ओली_माती, उत्तम. अशी घड्याळ लावून केलेली नोंद सर्वांत उपयोगी.

एक पुस्ती जोडतो. शेगडी जुनी असेल आणि तिच्यात कायम जळणारी छोटी ज्योत, म्हणजे पायलट असेल, तर तिला विसरू नका. समजा सगळ्या पायलट मिळून ताशी ५०० बीटीयू खातात. दिसायला काहीच नाही. पण दिवसाचे चोवीस तास! १२,००० बीटीयू, म्हणजे रोज २५० ग्रॅम. नऊ किलोचा सिलिंडर काहीही न शिजवता छत्तीस दिवसांत रिकामा. अबोली, तुमच्या आईंच्या शेगडीला काय आहे?

अबोली_७

बटण दाबलं की टकटक ठिणगी पडते. पायलट नाही. ओव्हनला तीही ठिणगी नाही, आत एक कांडी लाल होते आणि मग गॅस पेटतो.

काटेकोर

मग पायलटचा प्रश्न मिटला. त्या लाल कांडीबद्दल आईंना सांगून ठेवा: बर्नर चालू असेपर्यंत ती वीज घेत राहते. वीज गेली तर वरचे बर्नर काडीने पेटवता येतील, हा ओव्हन नाही. ती कांडी पुरेशी तापल्याशिवाय गॅसची झडप उघडतच नाही आणि ते सुरक्षेसाठीच आहे.

गारवेल

एवढं सगळं कशाला? रेग्युलेटरला दाबाचा काटा बसवून घ्या. दाब उतरला की समजायचं गॅस संपत आला. आमच्याकडे आहे.

रानवारा

गारवेल, त्या काट्यावर भरवसा ठेवू नका, कळकळीने सांगतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो आणि त्याच्यावर त्याचीच वाफ. त्या वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो, द्रव किती उरलाय त्यावर नाही. २० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या सव्वाआठ पट असतो, ० अंशांना पावणेपाच पट. सिलिंडर काठोकाठ भरलेला असो की तळाशी पेलाभर द्रव उरलेला असो, आकडा तोच. शेवटचा थेंब वाफ होऊन गेला की मगच काटा कोसळतो, तोपर्यंत तुम्हाला तयारीला वेळ उरलेला नसतो. उलट थंडीच्या पहाटे भरलेल्या सिलिंडरचा काटाही खाली दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

मोठ्या, कायमच्या टाकीवरचा टक्केवारी दाखवणारा काटा वेगळा, तो आतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतो. तो चालेल. तो ८० टक्क्यांच्या वर भरलेला दिसणार नाही, कारण द्रव तापून फुगला तर जागा हवी म्हणून टाकी तेवढीच भरतात.

गारवेल

हे माहीत नव्हतं. मग आमचा काटा गेली दोन वर्षं थर्मामीटरचंच काम करत होता म्हणायचा. आता सिलिंडरवर गरम पाणी ओतून बघायची पद्धत तरी खरी ना?

रानवारा

ती खरी. कढत नको, हाताला सोसेल एवढं गरम पाणी बाजूने वरून खाली ओतायचं आणि लगेच तळवा फिरवायचा. जिथे पत्रा अचानक गार लागतो तिथपर्यंत द्रव आहे. आत द्रव असेल तिथे तो उष्णता झटकन ओढून घेतो, वर नुसती वाफ असते तिथला पत्रा गरमच राहतो. पण यातून 'निम्मा आहे, पाव आहे' एवढंच कळतं.

वजनदार

मी इतका वेळ वाचत होतो. अबोली, तुमचा प्रश्न गणिताचा कमी आणि आई-बाबांच्या सोयीचा जास्त आहे, म्हणून उपाय सांगतो: सिलिंडर कायमचा वजनकाट्यावरच ठेवा. माझ्या सासूबाई एकट्या राहतात, त्यांच्याकडे गेली काही वर्षं असाच आहे.

सिलिंडरच्या वरच्या कड्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. बहुतेक ठिकाणी 'टी डब्ल्यू' ही अक्षरं आणि पुढे आकडा. एकूण वजनातून ते वजा केलं की उरला तो गॅस. अंदाज नाही, साधी वजाबाकी.

पण काटा कुठला, यात मी एकदा फसलो. आधी माणसांचं वजन करायचा डिजिटल काटा ठेवला. तो थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायचा आणि पुन्हा चालू केला की अंगावर असलेल्या सिलिंडरसकट शून्यावर यायचा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "शून्य दाखवतोय, संपला वाटतं," आणि मी धावत गेलो. सिलिंडर जवळजवळ भरलेला होता. मग तबकडीचा, काटा फिरणारा, २५ किलोपर्यंतचा आणि १०० ग्रॅमच्या खुणा असलेला घेतला. त्याला बॅटरी नको, बटण नको, जाता-येता दिसतो. सतत वजन ठेवल्याने स्प्रिंग किंचित बसते, म्हणून सिलिंडर बदलताना काटा रिकामा झाला की शून्य नीट करून घ्यायचं.

तीन गोष्टी पाळा. सिलिंडर नेहमी उभा, आडवा कधीच नाही, नाहीतर नळीत वाफेऐवजी द्रव जाईल. काटा सपाट, घट्ट फरशीवर, डगमगता कामा नये. आणि नळीचा ताण वजनात मिसळतो, म्हणून नळी जोडण्याआधीचा आणि जोडल्यानंतरचा, दोन्ही आकडे लिहून ठेवा.

निरांजन

शिवाय 'भरलेला' म्हणून आलेला सिलिंडर खरंच ९ किलोचा आहे का, हेही पहिल्याच दिवशी कळेल.

सायली_पान

थंड हवेच्या ठिकाणी आणखी एक अडचण येते. सिलिंडरमध्ये शुद्ध प्रोपेन नसून ब्युटेनचं मिश्रण असेल तर वजन दिसतं पण जाळ येत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच द्रव होऊन बसतो. आधी प्रोपेन जास्त निघून जातो आणि शेवटी उरतो तो मुख्यतः ब्युटेन. थंडीत ते शेवटचे एक-दोन किलो हिशेबात धरू नका.

मंद_आच

गॅस किती जातो ते झालं. आता तो जातो कुठे, हेही मी पाहिलंय.

दोन लिटर पाणी, झाकण लावून, २० अंशांपासून उकळीपर्यंत. ८,००० च्या बर्नरवर १० मिनिटं ४० सेकंद, म्हणजे ३० ग्रॅम गॅस. तेच भांडं १२,००० वर ८ मिनिटं २० सेकंद, ३५ ग्रॅम. मोठ्या बर्नरची ज्योत भांड्याच्या कडेने वर चढत होती, हात जवळ नेला तरी चटका बसत होता. ती सगळी उष्णता पाण्याला मिळालीच नाही. सव्वादोन मिनिटं वाचली, त्यासाठी ५ ग्रॅम मोजले. घाई असेल तेव्हा जरूर मोजावेत, पण रोज सवयीने नकोत. आणि कागदावर त्या पाण्याला फक्त १३ ग्रॅम लागायला हवे होते. म्हणजे मधल्या बर्नरवरसुद्धा निम्म्याहून जास्त गॅस स्वयंपाकघराची हवा तापवण्यात गेला.

पण मला हलवून सोडलं ते पुढच्या आकड्याने. एक लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला ३३५ किलोज्यूल लागतात. तेच लिटरभर पाणी वाफ करून उडवायला २,२५७. जवळपास सातपट! म्हणजे उकळी आल्यावर मोठ्या आचेवर खळखळ चालू ठेवलेलं भांडं हे सगळ्यात मोठं गळकं भोक आहे. पाणी शंभरच्या वर तापतच नाही, खळखळ कितीही वाढवली तरी आतला पदार्थ लवकर शिजत नाही, नुसती वाफ जाते. उकळी आली की आच उतरवायची आणि झाकण ठेवायचं. माझ्या वहीत एवढ्या एका सवयीने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

तिसरा_मजला

वाफेवरून आठवलं. प्रोपेन जळतानाही पाणी तयार होतं. ४४ ग्रॅम प्रोपेनमागे ७२ ग्रॅम पाणी आणि १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. किलोभर गॅस जाळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने घरात सुटतं. गार भांडं ठेवल्या ठेवल्या बुडाला दव धरतं ते हेच. अबोली, आईंना खिडकी थोडी उघडी ठेवायला किंवा धुराडं चालू ठेवायला सांगा.

वजनदार

काट्याचा आणखी एक उपयोग राहिला. रात्री सगळी बटणं बंद करून वजन लिहा, सकाळी पुन्हा पाहा. उतरलं असेल तर कुठेतरी गळती आहे. आमच्याकडे एकदा रेग्युलेटरच्या आतला रबरी वॉशर चिरला होता आणि ती गोष्ट आधी काट्याने सांगितली. दोन रात्री शंभर-शंभर ग्रॅम उतरला. साबणाचं पाणी लावलं तर सांध्यावर बारीक फुगे.

पण उलट समजू नका. काटा स्थिर आहे म्हणजे गळती नाही, असं नाही. बारीक गळती शंभर ग्रॅमच्या खुणेत दिसणार नाही. नाकावर जास्त विश्वास ठेवा, प्रोपेनला वास मुद्दाम त्यासाठीच घातलेला असतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर सिलिंडर हाताशी असल्यास त्याची झडप बंद, विजेचं कुठलंही बटण ना चालू करायचं ना बंद, आणि बाहेर. फोनही बाहेर जाऊन करायचा. वय झालेल्या माणसांना वास कमी येतो, म्हणून आई-बाबांकडे गळती ओळखणारी भोंग्याची पेटी जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावून घ्या. हे मी गणिताच्या आधी करेन.

अबोली_७

वजनदार, पेटी मागवली. काटाही तुम्ही सांगितला तसाच. चार आठवड्यांनी येऊन लिहिते.

अबोली_७

चार आठवडे झाले, सगळ्यांना देणं लागते म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अंदाज. मी दोन दिवस आईकडे राहिले आणि मंद_आच यांचे तीन रकाने भरले. रोजची सरासरी अशी आली: मोठा बर्नर पूर्ण आचेवर १५ मिनिटं, ६३ ग्रॅम. मधला बर्नर तासभर, पण बहुतेक वेळ उतरवलेल्या आचेवर, म्हणून १६८ ऐवजी १०० धरले. बारीक आच ४० मिनिटं, २० ग्रॅम. एकूण १८३. आठवड्याचे १,२८१, त्यात आठवड्यातून एकदा तासभर ओव्हन, १५० ग्रॅम. म्हणजे आठवड्याला साधारण १.४ किलो.

आता काट्याचं. कड्यावर कोरलेलं वजन ७.७ किलो. भरून आलेला सिलिंडर १६.२ भरला, म्हणजे आत ९ नाही, ८.५ किलोच गॅस. निरांजन यांचा मुद्दा पहिल्याच दिवशी पटला. नळी जोडल्यावर काटा १६.५ वर गेला, म्हणून दर वेळी ३०० ग्रॅम वजा करतो.

पहिल्या आठवड्यात १.३ किलो गेला. दुसऱ्यात १.२. तिसऱ्यात मी मुलांना घेऊन गेले होते, ओव्हन चार वेळा लागला, १.९. चौथ्यात पुन्हा १.३. चार आठवड्यांचे ५.७, उरले २.८. अजून दोन आठवडे सहज जातील. अंदाज १.४ चा होता आणि पाहुण्यांचा आठवडा धरूनही सरासरी १.४ आली. मी तीन दिवसांवर अडकले होते, सहा आठवडे निघाले.

काटेकोर

फार छान जुळलं. वही चालू ठेवा. ऋतू बदलला की आकडा थोडा हलेल, थंडीत नळाचं पाणीच गार येतं आणि तेच उकळायला जास्त गॅस लागतो. आणि माणूस बोलवायची रेघ कुठे ठरवलीत?

अबोली_७

बाबांनी ठरवली. माणूस यायला दोन-तीन दिवस लागतात, पण त्यांना पूर्ण आठवडा हातात हवा, वर पाहुणे आले तर. म्हणून २ किलो. ७.७ आणि २, त्यात नळीचे ३०० ग्रॅम, बरोबर १० किलो. तबकडीवर दहाच्या आकड्याशी त्यांनी आईचं लाल नेलपॉलिश लावलंय. रोज सकाळी झाडांना पाणी घालायला बाहेर पडले की वाकून बघतात आणि आत येऊन आईला आकडा सांगतात. आज १०.७ होता.